गुत्तेदारीपासून क्लाऊडपर्यंत : शहागडच्या दफ्तराची हकीकत

सोलापुराहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा जुना क्रमांक २११ होता व आता ५२ आहे, गेवराई मागे टाकून गोदावरीच्या पुलावर येतो आणि पूल ओलांडताच नदीच्या उत्तर तीरावर जे गाव लागते ते शहागड होय. पुलाच्या दक्षिणेस बीड जिल्हा, उत्तरेस जालना. वरच्या अंगाला पैठण व तेथील नाथसागर, आणि तेथून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा याच अंबड तालुक्यातून पुढे घनसावंगी-परतूरकडे गेलेला. कापूस, ऊस आणि मोसंबी यांवर उभ्या असलेल्या या मुलखातील शेतकऱ्याला पीककर्ज घ्यायचे असो, विमा भरायचा असो, वा भावाभावांत वाटणी करायची असो, प्रत्येक वेळी एक कागद लागतो, तो म्हणजे सातबाऱ्याचा उतारा.

हा कागद आज बाजारपेठेतल्या सेवा केंद्रात बसल्या जागी निघतो. चालक जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडतो, पंधरा रुपये शुल्क जमा होते, आणि तलाठ्याची डिजिटल स्वाक्षरी असलेला, पडताळणीचा सोळा अंकी क्रमांक वागविणारा उतारा छापला जातो. वरच्या भागात भूधारणा पद्धती, खातेदारांची नावे, क्षेत्र, पोटखराबा व आकार. कडेला आजवरच्या फेरफारांचे क्रमांक. खाली बारा नंबरात हंगाम व पीक. शेतकरी कागद घडी करून खिशात घालतो व बँकेकडे निघतो. या अर्ध्या मिनिटाच्या व्यवहारामागे जी यंत्रे राबतात ती शहागडात नाहीत, अंबडात नाहीत, जालन्यातही नाहीत. आणि ती यंत्रे कोणी, कशी व कोणाच्या हुकमाने उभी केली हा प्रश्न त्या शेतकऱ्याला पडण्याचे कारण नसले, तरी इतिहास लिहिणाऱ्याला तो पडावा, कारण दफ्तर कोणाच्या ताब्यात असावे या वादाला या भागात दीडशे वर्षांहून अधिक परंपरा आहे.

अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी (आजचे संभाजीनगर) वसवून, जमिनीची मोजणी व प्रतवारी करून धाराबंदीची जी पद्धत घालून दिली तिचे स्मरण मराठवाड्यात अजून आदराने होते. परंतु १६२६ मध्ये तो निवर्तल्यानंतर राज्ये बदलली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निजामाच्या मुलखात वसुलीची व्यवस्था अशा थराला आली होती की तालुकेच्या तालुके गुत्त्याने दिले जात. जो जास्त रक्कम कबूल करी, किंवा दरबाराला आगाऊ कर्ज देई, त्याच्या हाती रयत सोपविली जाई. आणि रयतेबरोबर तिचे हिशेबही त्याच्याच हाती जात. हैदराबादेत सरकारचे वरिष्ठ महसुली कागद दफ्तरदारांच्या दोन घराण्यांकडे वंशपरंपरेने असत, त्यांपैकी रायरायान यांचे घराणे तर महाराष्ट्रीयच होते. याचा परिणाम असा की खुद्द सरकारला आपल्या मुलखाचे उत्पन्न किती, कोणाकडे किती येणे, कोणाची जमीन कोणाच्या नावे, हे विचारायचे झाल्यास दुसऱ्याच्या दारी जावे लागे.

१८५३ मध्ये दिवाणगिरीवर आलेल्या पहिल्या सालारजंगाने ही स्थिती पालटण्यास हात घातला. त्याने गुत्तेदारी मोडीत काढून पगारी अंमलदार नेमले. १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून प्रत्येक जिल्ह्यावर अव्वल तालुकदार बसविला. आणि हिशेबाची भाषा, तक्ते व मुदती सर्वत्र एकसारख्या असाव्यात असा आग्रह धरला. त्याच्या सुधारणांविषयी बोलताना इतिहासकार बहुधा खजिना, पोलीस व न्यायालये यांचा गौरव करतात. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे सर्वांत टिकाऊ कार्य दुसरेच होते : दफ्तर गुत्तेदाराचे नसून सरकारचे आहे, आणि ते एका जिल्ह्यात एका रीतीने व दुसऱ्यात दुसऱ्या रीतीने ठेवता येणार नाही, ही दोन तत्त्वे त्याने एकाच वेळी प्रस्थापित केली. पुढे फसली १३१७ चा हैदराबाद जमीन महसूल कायदा आला, वर उर्दू आणि गावपातळीवर मराठी अशी द्विभाषी लेखनव्यवस्था रूढ झाली, सेतवार, वसूलबाकी व पाहणीपत्रके यांचे रुमाल तहसिलीच्या फडताळांत साचत गेले.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५४-५५ च्या खासरा पाहणीने गावोगावच्या शेतांची प्रत्यक्ष स्थिती कागदावर आणली, आणि हे पत्रक आजही मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत प्रमाण म्हणून पुढे केले जाते. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची असून तिचा अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून सुरू झाला. तिच्यामुळे मुंबई इलाख्यातील, वऱ्हाडातील व निजामी मुलखातील भिन्न परंपरांच्या जमिनी एका कायद्याखाली आल्या, आणि गाव नमुने एक ते एकवीस ही एकच मांडणी शहागडला लागू झाली तशीच सावंतवाडीला व गोंदियाला. नमुना एक म्हणजे आकारबंद, सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे खातेदाराचा उतारा, बारा म्हणजे पिकांची नोंद. तलाठ्याची बदली कोकणातून मराठवाड्यात झाली तरी वही उघडताच त्याला कोणता रकाना कशाचा हे ठाऊक असे.

या एकवीस नमुन्यांत सहावा नमुना विशेष लक्ष देण्याजोगा आहे. सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करण्याचा अधिकार कोणालाही नाही. जमीन विकली, खातेदार वारला, बँकेचा बोजा चढला वा उतरला, तर आधी नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद क्रमांक घालून लिहावयाची. हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची व हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवावयाची. हरकत आल्यास ती सहा-अ मध्ये तक्रारी प्रकरण म्हणून चालवावयाची. आणि तलाठ्याहून वेगळ्या अधिकाऱ्याने, सामान्यतः मंडळ अधिकाऱ्याने, नोंद प्रमाणित केल्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर द्यावयाचा. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि प्रत्येक बदलाला क्रमांक, तारीख व कारण. सातबारा हा त्यामुळे केवळ आजच्या स्थितीचा कागद राहत नाही. फेरफारांच्या ओळीने मागे मागे जात कोणत्याही जमिनीची पूर्वपीठिका त्यातून काढता येते.

संगणक या दफ्तरात प्रथम शिरला तो १९८८-८९ मध्ये. केंद्र सरकारने भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातील आठ जिल्हे प्रयोगाकरिता निवडले. महाराष्ट्रातून वर्धा निवडला गेला. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, ज्याला कचेरीत सर्वजण एनआयसी म्हणतात, उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हे जोडण्यास त्याच काळात आरंभ केला होता. पुढल्या दोन दशकांत तहसिलींतून संगणक आले, सातबारे टंकित झाले, सेतू केंद्रांतून छापील उतारे मिळू लागले. परंतु हस्तलिखित वही व संगणकातील नोंद यांत तफावती निघत, आणि त्या दूर करण्यासाठी २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झाले : गावकऱ्यांसमोर सातबारे मोठ्याने वाचायचे, चूक असेल ती तिथेच सांगायची. कोट्यवधी उताऱ्यांची शुद्धी गावाच्या कानांवर सोपविणारी ती मोहीम आपल्या प्रशासनाच्या इतिहासात मानाने नोंदविण्यासारखी आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती आला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून बारा नंबरातील पीक नोंदवू लागला.

येथवर इतिहास नोंदींचा झाला. आता यंत्रांचा.

नोंद जशी एकाच ठरावीक नमुन्यात लिहिली जाते, तसे ज्या सर्व्हरवर ती राहते तो सर्व्हर मात्र दीर्घकाळ कोणत्याही ठरावीक नमुन्यात उभा केला जात नसे. खात्याला नव्या सर्व्हरची गरज पडली की मागणीपत्र, अंदाजपत्रक, निविदा, पुरवठा आदेश, असे टप्पे घेत खोका येई; मग तो रॅकमध्ये चढवावयाचा, केबल जोडावयाची, ऑपरेटिंग सिस्टीम घालावयाची, पॅच लावावयाचे, आयपी क्रमांक मिळवावयाचा, फायरवॉलमध्ये वाट उघडण्यासाठी निराळे पत्र द्यावयाचे. यात महिने जात, आणि शेवटी जे यंत्र उभे राही ते उभे करणाऱ्या अभियंत्याच्या हातवळणाचे असे. दुसऱ्या जिल्ह्यासाठी दुसऱ्याने उभे केलेले यंत्र पहिल्यासारखे नसे. पहिल्यात काय काय बदल केले हे त्या अभियंत्याच्या डोक्यात, फार तर त्याच्या डायरीत असे. आणि कंत्राट संपून तो निघून गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाई. सालारजंगापूर्वीच्या महसुलाची जी अवस्था होती, तीच ही अवस्था होती.

राष्ट्रीय ई-शासन योजना २००६ मध्ये मंजूर झाली, तिच्या अन्वये राज्याराज्यांत डेटा सेंटरे उभी राहिली, आणि महाराष्ट्राच्या डेटा सेंटरात एकाच भक्कम यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालविण्याची सोय होऊन महाक्लाऊड हे नाव मंत्रालयात रूढ झाले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांवर पसरली, माणसे मृत्युमुखी पडली, फायलींचे ढीग भस्म झाले. कागदाचे दफ्तर एकाच ठिकाणी असण्यात किती धोका आहे हे त्या दिवशी ज्यांनी पाहिले त्यांना अभिलेखांच्या प्रती दूरच्या दुसऱ्या केंद्रात ठेवण्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज उरली नाही. केंद्र सरकारने मेघराज या नावाने आपले क्लाऊड धोरण आखले, व फेब्रुवारी २०१४ मध्ये एनआयसीचा राष्ट्रीय क्लाऊड कार्यान्वित झाला. दरम्यान मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपापली क्लाऊड केंद्रे सुरू केली, तेव्हा माहिती देशाबाहेर जाऊ न देता खासगी क्लाऊड वापरणे शक्य झाले. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले. असे धोरण स्वीकारणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

अशा रीतीने शासनाचे दफ्तर दोन ठिकाणी विभागले गेले : काही स्वतःच्या डेटा सेंटरात, काही भाड्याच्या क्लाऊडवर. अमेरिकेच्या प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये क्लाऊडच्या ज्या व्याख्या केल्या त्यांत या संमिश्र प्रकाराला हायब्रीड क्लाऊड म्हटले आहे. याची उपयुक्तता शहागडच्या शेतकऱ्याच्या हंगामातून उत्तम समजते. उन्हाळ्याच्या दुपारी सातबारा काढणारे थोडे. परंतु खरिपाच्या पीक विम्याची मुदत संपत आली, किंवा पीक पाहणीचे शेवटचे दिवस उरले, की राज्यभरातील खातेदार एकाच वेळी त्याच दारावर येतात, संकेतस्थळ मंदावते, आणि 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द ऐकून माणूस एका दिवसाची मजुरी बुडवून परत जातो. त्या चार दिवसांसाठी वर्षभर मोठी यंत्रे बाळगणे हा जनतेच्या पैशाचा अपव्यय होय. मूळ अधिकार अभिलेख आपल्या कोठारात जपून ठेवावा, आणि गर्दीला सामोरी जाणारी दर्शनी यंत्रे गरजेपुरती क्लाऊडवर वाढवावीत व गर्दी ओसरताच कमी करावीत, हा मार्ग शहाणपणाचा आहे. पण तो साधायचा तर दोन्ही ठिकाणची यंत्रे तंतोतंत एका नमुन्याची हवीत, आणि ती काही मिनिटांत उभी राहिली पाहिजेत. हाताने ते होणे नाही.

हे काम यंत्राकडूनच करून घेण्याची विद्या हळूहळू आकाराला आली. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिले. २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल आणि २०१४ मध्ये टेराफॉर्म आले. या इतिहासात पुण्याचाही वाटा आहे : सर्व्हरांची जुळणी स्वयंचलित करणारी ब्लेडलॉजिक ही कंपनी २००८ मध्ये ज्या बीएमसी सॉफ्टवेअरने घेतली तिचे मोठे संशोधन-विकास केंद्र पुण्यात आहे. संभाजीनगर-नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघालेली मराठवाड्याची मुले आज पुण्यात अशीच कामे करतात, आणि त्यांतील काही दिवाळीला गावी येताना याच शहागडच्या पुलावरून जातात.

या साधनांचे मर्म सांगणे कठीण नाही. यंत्र कसे उभे करायचे याच्या पायऱ्या सांगण्याऐवजी, ते उभे राहिल्यावर कसे असावे हे एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहायचे : इतके प्रोसेसर, इतकी मेमरी, अमुक इमेज, अमुक नेटवर्क, फायरवॉलमध्ये एवढेच दार उघडे, बाकी बंद. साधन प्रत्यक्ष स्थिती पाहते, लिहिलेल्या स्थितीशी ताडते, आणि काय जोडावे, बदलावे वा काढावे याचा आराखडा आधी दाखवते. मंजुरी मिळाल्यावरच अंमल करते. तीच फाईल दहादा चालविली तरी निष्पत्ती एकच; दहा सर्व्हर हवेत तर आकडा बदलायचा, आणि दहाही भावंडांसारखे एका तोंडवळ्याचे निघतात. स्वतःच्या डेटा सेंटरचा व क्लाऊडचा तपशील वेगळा असला तरी लिहिण्याची रीत, तपासण्याची रीत व सुरक्षेचे नियम एकच राहतात. यंत्राचा नमुना अशा प्रकारे मजकूर झाल्यामुळे त्याला आवृत्ती देता येते, कोणी कधी का बदलला हे नोंदता येते, एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय तो पुढे जाऊ नये असा दंडक घालता येतो.

महसुली कामाची ओळख असलेल्या वाचकाला येथे नमुना सहा आठवला असेल, आणि तो यथार्थच आठवला. रात्री घाईगर्दीत कोणी अभियंता सर्व्हरवर थेट शिरून एखादी सेटिंग हाताने बदलतो, तेव्हा तो फेरफार न घेता सातबाऱ्यावर लेखणी चालविणाऱ्या तलाठ्यासारखेच कृत्य करीत असतो. हेतू शुद्ध असला तरी दफ्तर आणि वस्तुस्थिती यांत त्या क्षणी फारकत होते. अभियंते तिला ड्रिफ्ट म्हणतात. सहा महिन्यांनी ते यंत्र बंद पडून नव्याने उभे करायची वेळ येते तेव्हा ती हाताने केलेली दुरुस्ती कोणालाच आठवत नाही, आणि सेवा केंद्रापुढे रांग ताटकळत राहते. आपल्या महसूल खात्याने शतकभराच्या अनुभवातून जी शिस्त कागदासाठी सिद्ध केली तीच यंत्रांसाठी जगाला अलीकडे सापडली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मात्र नमुना सारखा असणे व नमुना आपला असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने क्लाऊड पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचीबद्ध करताना लेखापरीक्षणाची व माहिती देशातच ठेवण्याची अट घातली, हे योग्यच झाले. परंतु माहिती आपली असूनही ती ज्या यंत्रांवर चालते त्यांचा नमुना पुरवठादाराच्याच खाजगी कोठ्यात राहिला, तर करार संपताना शासनापाशी नोंदींच्या प्रती उरतील आणि त्या चालत्या करण्याची विद्या उरणार नाही. हे भय निराधार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. मराठा आरक्षणाच्या ज्या आंदोलनातून ती नेमली गेली त्याचे केंद्र अंतरवाली सराटी हे याच अंबड तालुक्यातील गाव होते. त्या वेळी मराठवाड्याच्या तहसिलींतून निजामी रुमाल सोडले गेले, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची ठिकठिकाणी शोधाशोध करावी लागली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. पण कागद शाबूत, शिक्का शाबूत, आणि तो उलगडणारा माणूस मात्र दुर्मीळ, ही अवस्था शंभर वर्षांत येऊ शकते हे त्या शोधाने सर्वांना दाखविले. यंत्रांच्या बाबतीत ती पाच वर्षांतही येईल.

म्हणून राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाकडे व महसूल खात्याकडे मागणे एवढेच आहे की, डेटा सेंटरात असो वा क्लाऊडवर, शासनाचे प्रत्येक यंत्र लिखित नमुन्यावरूनच उभे राहावे. त्या नमुन्यांना गाव नमुन्यांप्रमाणे क्रमांक देऊन ते शासकीय अभिलेखात जतन करावेत. त्यांतील प्रत्येक बदल लिहिणाऱ्याहून वेगळ्या अधिकाऱ्याने प्रमाणित करावा. आणि मुदत संपताच पुरवठादाराने ते सर्व नमुने, चालवून दाखवून, शासनाच्या हवाली करावेत, असे कलम यापुढील प्रत्येक करारात घालावे.